वाचकांचे प्रश्न : उन्हाळ्याची सुट्टी, पर्यावरण कायदा आणि सरकारी फाईल

(सरकारी विधी शाखेत पर्यावरणाची प्रकरणं हाताळून निवृत्त झालेल्या आमच्या सल्लागार या वेळी विधी शाखेच्या विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या पत्रांना उत्तरं देत आहेत.)

प्रश्न : मी पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मे महिन्यात पर्यावरण कायद्यात, तेही सरकारी बाजूने, इंटर्नशिप करायची आहे. पुण्याचं हरित न्यायाधिकरण किंवा दिल्लीचं पर्यावरण मंत्रालय डोळ्यासमोर आहे. बऱ्याच ठिकाणी ईमेल केले, एकाचंही उत्तर आलं नाही. मैत्रिणी म्हणतात, त्यापेक्षा एखाद्या लॉ फर्ममध्ये जा, सीव्हीवर बरं दिसतं. काय करू?
— एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : आधी कॅलेंडर बघ. तुमच्या परीक्षा संपून तुम्ही मोकळे होता, नेमकं तेव्हाच कोर्टं सुट्टीवर जातात. मुंबई उच्च न्यायालयाची उन्हाळी सुट्टी मेमध्ये असते, हरित न्यायाधिकरणालाही, म्हणजे पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या खास न्यायालयालाही, स्वतःची उन्हाळी सुट्टी असते. त्या तारखा दरवर्षी आधी जाहीर होतात. त्या न बघता अर्ज करणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. हौसेने काळा कोट घालून येतात आणि बंद कोर्टरूमचं दार बघून जातात.

कचेरीला मात्र सुट्टी नसते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची कार्यालयं मेमध्ये चालू असतात, आणि पाण्याच्या तक्रारींचा जोर याच दिवसांत असतो. नद्यांना पाणी नसतं, त्यामुळे नाल्यातून जे काही येतं ते पातळ होत नाही. मासे मरून वर येतात, गावकरी बाटलीत काळं पाणी भरून साहेबांच्या टेबलावर आणून ठेवतात. पर्यावरण कायदा सुरू कुठे होतो असं कुणी मला विचारलं, तर मी त्या बाटलीकडे बोट दाखवीन. न्यायाधिकरण ही फार पुढची पायरी.

म्हणून माझा सल्ला तुला कदाचित रुचणार नाही. दिल्ली राहू दे. जोर बागेतल्या इंदिरा पर्यावरण भवनासमोर काढलेला फोटो छान येतो, पण तिसऱ्या वर्षाच्या मुलीच्या हाती तिथे बहुधा धोरणाच्या मसुद्यावरचं संशोधन टिपण पडतं. ते काम वाईट नाही. मात्र ज्याने एकही संमतीपत्र (कारखाना चालवायला मंडळ देतं ती अटींसह परवानगी) वाचलेलं नाही, त्याला त्या मसुद्यातलं काय कळणार? तुझ्या सातारलाच मंडळाचं उप-प्रादेशिक कार्यालय आहे. तिथे विधी अधिकारी बसत नाहीत, बहुतेक अभियंतेच असतात. म्हणूनच नोटिशीची भाषा नीट वाचणारं माणूस तिथे उपयोगी पडतं. विधी शाखाच हवी असेल तर मंडळाचं मुख्यालय मुंबईत सायनला आहे.

आणि न्यायाधिकरण बघायचंच असेल तर एक आडवाट सांगते. हरित न्यायाधिकरणाच्या संकेतस्थळावर पुणे खंडपीठाचे आदेश असतात. कुठलाही आदेश उघड. वरच्या भागात कोणत्या पक्षातर्फे कोण वकील उभे होते ते छापलेलं असतं. मंडळातर्फे, राज्य शासनातर्फे, महापालिकेतर्फे तीच तीच नावं पुन्हा पुन्हा दिसतील. हे पॅनेलवरचे वकील, म्हणजे सरकारी बाजू मांडायला नेमलेले. सरकारी बाजूचं प्रत्यक्ष काम त्यांच्या चेंबरमध्ये चालतं, आणि त्यांना हाताखाली माणसं कायमच कमी पडतात. शिवाय बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांप्रमाणे पूर्ण अभ्यासक्रमात एकदा तरी वकिलाकडे इंटर्नशिप करावीच लागते, तेही त्यात उरकतं. त्याच नियमात पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला एकूण २० आठवडे सांगितले आहेत (तीन वर्षांच्याला १२), आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. तेव्हा 'मे आणि जून पूर्ण येते' असं अर्जात लिहू नकोस. नियम माहीत असलेला माणूस तिथेच ओळखतो की हिने तो वाचलेला नाही.

आता तुझ्या ईमेलबद्दल. सोबत जोडलेला नमुना वाचला. 'माझ्या ज्ञानाच्या कक्षा रुंदावण्यासाठी आपल्या नामांकित संस्थेत' वगैरे. अगं, सरकारी कार्यालयात अशा ईमेलला आवक क्रमांक पडत नाही, आणि ज्याला आवक क्रमांक नाही तो कागद अस्तित्वातच नसतो. साध्या कागदावर अर्ज लिही, 'विषय' आणि 'संदर्भ' टाकून. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत येणार, राहण्याची सोय स्वतः करणार, मानधनाची अपेक्षा नाही, एवढं चार ओळींत येऊ दे. प्राचार्यांचं शिफारसपत्र आणि बोनाफाईड जोड. हा अर्ज स्वतः आवक-जावक शाखेत नेऊन दे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घे. फेब्रुवारीत दिलास तर मार्चमध्ये जाऊन 'अमुक क्रमांकाच्या अर्जाचं काय झालं' असं विचारता येतं. मार्चअखेरच्या आठवड्यात मात्र चुकूनही जाऊ नकोस. तेव्हा सगळे बिलांमध्ये बुडालेले असतात.

अर्जासोबत एक गोष्ट आवर्जून जोड : पुणे खंडपीठाच्या एखाद्या आदेशाचा तू स्वतः केलेला दोन पानी सारांश. तक्रार काय, कोणत्या कलमाखाली, मंडळाने काय म्हटलं, न्यायाधिकरणाने काय दिलं. मी नोकरीत असताना गुणपत्रिका कधी बघितल्या नाहीत, असा सारांश मात्र वाचायची. त्यात हरित न्यायाधिकरण कायदा, २०१० मधला कलम १४ आणि कलम १५ यांतला फरक ज्याला कळलेला असे, त्याला मी बोलावून घेत असे. कलम १४ खाली वादाचं कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांत यावं लागतं, पुरेसं कारण असेल तर आणखी ६० दिवस. कलम १५ खाली भरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करण्यासाठी पाच वर्षं आहेत. आणि पर्यावरण मंजुरीविरुद्ध (मोठ्या प्रकल्पाला सुरू होण्याआधी लागते ती) कलम १६ खाली अपील करायचं तर ३० दिवस, वर जास्तीत जास्त ६०. निम्मी प्रकरणं मुदतीच्या मुद्द्यावरच लढली जातात असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

त्याच कायद्याची पहिली अनुसूचीही वाच. त्यात सात कायदे आहेत, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ त्यात नाही. म्हणजे बिबट्याचं प्रकरण घेऊन थेट पुणे खंडपीठाकडे जाता येत नाही. मुलाखतीत हे विचारलं की भलेभले गप्प होतात.

लॉ फर्मचं म्हणशील, तर पुढच्या वर्षी जा. आधी मंडळाची बाजू आतून बघितलेली असली की कारखान्याच्या वकिलाच्या टेबलावर बसल्यावर तुला समोरच्या फाईलमध्ये काय असेल ते अंदाजाने कळेल.

प्रश्न : मुलगा तीन वर्षांच्या एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रदूषण मंडळात इंटर्नशिप करतो म्हणतो. तिथे पैसे मिळतात का? पुढे त्याच कार्यालयात नोकरी लागण्याची शक्यता किती?
— एक पालक, नांदेड

उत्तर : पैसे धरून चालू नका. केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाच्या विधी कार्य विभागाची स्वतःची इंटर्नशिप योजना आहे, तिथे थोडंफार मानधन असतं. इतर बऱ्याच ठिकाणी चहा आणि प्रमाणपत्र.

नोकरीचं तर अजिबातच धरू नका. सरकारी पदं जाहिरात आणि परीक्षेतून भरली जातात, इंटर्नशिपचं प्रमाणपत्र तिथे चालत नाही, आणि चालू नये हेच बरं. कुणी 'इथे इंटर्नशिप करा, मग आत घेऊ' असं सांगून पैसे मागत असेल तर सरळ पोलिसांकडे जा.

खर्चाची चिंता असेल तर मुलाला पुण्या-मुंबईला पाठवायची गरज नाही. नांदेडला मंडळाचं उप-प्रादेशिक कार्यालय आहे, आणि जिल्हा सरकारी वकिलांचं कार्यालय तर प्रत्येक जिल्ह्याला असतं. घरचं जेवून चार आठवडे निघतात.

प्रश्न : सध्या एका सरकारी कार्यालयात इंटर्न आहे. पहिल्या आठवड्यात मला फक्त झेरॉक्स काढायला आणि फायलींना पानक्रमांक घालायला लावलं. कायद्याचं काहीच शिकलो नाही. सोडून द्यावं का?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : पानक्रमांक घालताना पानं वाचलीस का? तुझ्या पत्रात त्याबद्दल एक शब्द नाही, म्हणून विचारते.

मंडळाची फाईल साधारण कशी असते ते सांगते. एका बाजूला टिपण्या, दुसऱ्या बाजूला पत्रव्यवहार. पत्रव्यवहारात कारखान्याचं संमतीपत्र, भेटीचा अहवाल, नमुन्याचा प्रयोगशाळा अहवाल, कारणे दाखवा नोटीस, कारखान्याचं उत्तर, मग अंतरिम निर्देश किंवा जल कायद्याच्या कलम ३३-अ खाली बंदचा आदेश. मध्येच कुठेतरी बँक हमीचा कागद. हे सगळे कागद एकमेकांशी जुळतात का हे बघणं म्हणजेच या क्षेत्रातली वकिली.

माझ्याकडे आलेल्या एका मुलीची गोष्ट सांगते. तिलाही पानक्रमांक घालायलाच बसवलं होतं. फाईल एका प्रक्रिया उद्योगाची. संमतीपत्रात अट होती की प्रक्रिया केलेलं सांडपाणी स्वतःच्या जमिनीवर झाडांना द्यायचं, आणि त्यासाठी बीओडीची (पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचं माप) मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम. प्रयोगशाळेचा अहवाल आला होता ८२ चा. टिपणीत शेरा होता, 'मानके मर्यादेत आहेत.' फाईल बंद व्हायच्या मार्गावर होती. मुलीने हाताने लिहिलेला भेटीचा अहवाल वाचला. अक्षर इतकं वाईट होतं की बाकी कुणी तो शेवटपर्यंत वाचला नसावा. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं : 'नमुना मागील बाजूच्या नाल्यास मिळणाऱ्या पाईपमधून घेतला.' ती माझ्या टेबलाशी येऊन घाबरत घाबरत म्हणाली, "मॅडम, पाणी नाल्यात जात असेल तर १०० कसं लावायचं? पृष्ठजलासाठी ३० आहे ना?"

बरोबर होतं तिचं. जमिनीवर १००, नाल्या-नदीत ३०. शिवाय नाल्यात सोडायची परवानगीच नव्हती, म्हणजे संमतीपत्राच्या अटीचा भंग वेगळाच. टिपणी नव्याने लिहावी लागली आणि नोटीस निघाली. त्या नोटिशीचा मसुदा मी तिच्याकडूनच करून घेतला. तीनदा परत पाठवला तेव्हा कुठे जमला.

तूही नमुन्याच्या अहवालात तीन तारखा शोध : नमुना कधी घेतला, प्रयोगशाळेत कधी पोचला, चाचणी कधी सुरू झाली. बीओडीची चाचणी २७ अंशांवर तीन दिवस चालते, आणि नमुना थंड ठेवून लवकर पोचवावा लागतो. तो शुक्रवारी घेऊन सोमवारी जमा झालेला दिसला, तर कारखान्याचा वकील पहिला प्रश्न त्यावरच विचारणार.

आणि नमुना कोणता आहे तेही बघ. मंडळाची माणसं रोज 'जेव्हीएस' म्हणतात तो देखरेखीचा नमुना, त्यावरून नोटीस काढता येते. खटला भरायचा तर जल कायदा, १९७४ च्या कलम २१ प्रमाणे घेतलेलाच नमुना लागतो : कारखान्याला नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्हींवर सील आणि दोघांच्या सह्या. यातली एक पायरी चुकली तर तो अहवाल पुराव्यात वाचताच येत नाही, कलमात तसं स्पष्ट लिहिलं आहे. हे पुस्तकात वाचून विसरशील. सील नसलेल्या नमुन्यामुळे पडलेल्या खटल्याची फाईल एकदा हातात आली की विसरणार नाहीस.

आठवडाभर असं वाच. मग साहेबांना जाऊन सांग की, 'सर, एखाद्या प्रकरणाचे परिच्छेदनिहाय अभिप्राय तयार करून बघू का?' याचिकेतल्या प्रत्येक परिच्छेदावर खात्याचं म्हणणं काय, हे वकिलांकडे पाठवायचं काम प्रत्येक कार्यालयात तुंबलेलं असतं. नको म्हणणारा अधिकारी मला तरी भेटलेला नाही. तिसऱ्या आठवड्यातही झेरॉक्सच्याच यंत्रापुढे असलास तर मात्र महाविद्यालयाच्या मार्गदर्शकांना सांगून जागा बदल, त्यात कमीपणा नाही. तोपर्यंत इंटर्नशिपची डायरी रोजच्या रोज लिही. शेवटच्या रात्री एका पेनाने लिहिलेली डायरी प्राध्यापकांना लांबून ओळखू येते.

प्रश्न : माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. पर्यावरण कायद्यात सगळं इंग्रजीत चालतं असं ऐकलं. माझा निभाव लागेल का?
— एक विद्यार्थिनी, धाराशिव

उत्तर : न्यायाधिकरणासमोरचं कामकाज इंग्रजीत चालतं, तेव्हा इंग्रजी वाचायला शिकावंच लागेल, त्याला इलाज नाही. पण तुझ्याजवळ आहे ते शहरातल्या पुष्कळ मुलांजवळ नसतं.

२००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे अनेक मोठ्या प्रकल्पांची जनसुनावणी होते. ती मंडळ भरवतं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी असतात, आणि आधी ३० दिवसांची जाहीर नोटीस द्यावी लागते. प्रकल्पाच्या आघात मूल्यांकन अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही ठेवावा लागतो. तो मराठी सारांश तू एकदा मिळवून वाच आणि शेजारी इंग्रजी ठेव. कुठेकुठे असं मराठी असतं की प्रकल्पाच्या मालकालाही कळू नये. इंग्रजीत 'भूजल पातळीवर परिणाम होण्याची शक्यता' असेल आणि मराठीत ते वाक्यच नसेल, तर ती लोकांना अपुरी माहिती देऊन घेतलेली सुनावणी झाली. हा मुद्दा अपिलात उभा राहू शकतो, आणि तो दोन्ही भाषा वाचणाऱ्यालाच सापडतो.

सुनावणीत एखादी आजी उठून सांगते, "आमच्या हिरीचं पाणी आटलं तर कुणाच्या दारात जायचं?" इतिवृत्तात ते 'ग्रामस्थांनी पाण्याबाबत शंका व्यक्त केली' असं उतरतं. इंटर्न म्हणून तिथे बसायला मिळालं तर तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवून घे आणि इतिवृत्ताशी ताडून बघ. सुनावणीचं चित्रीकरण होतं, तेही मागता येतं.

प्रश्न : इंटर्नशिपमध्ये माझ्यासमोर एका कारखान्याची फाईल आली, तो आमच्याच गावाजवळचा निघाला. गावात त्याविरुद्ध वर्षभर ओरड आहे. फाईलमध्ये जे आहे ते गावकऱ्यांना कळलं तर त्यांना मोठी मदत होईल. सांगावं का? फोटो काढले नाहीत, पण मोह होतोय.
— नाव-गाव न छापण्याची विनंती

उत्तर : नाही. आणि फोटो काढले नाहीस ते फार बरं केलंस.

उद्या सकाळी पहिलं काम हे कर : तुझ्या अधिकाऱ्याला सांग की हा कारखाना माझ्या गावाचा आहे, माझ्या घरच्यांचंही त्याबद्दल म्हणणं आहे, ही फाईल मला देऊ नका. तोंडी सांग आणि डायरीत तारखेसह लिहून ठेव. लपवलंस आणि पुढे कळलं, तर कारखान्याचा वकील सगळी कारवाईच पूर्वग्रहाने झाली म्हणेल. म्हणजे नुकसान गावाचंच.

आता गावाचं. फाईलमध्ये काय आहे ते तू सांगायचं नाहीस, पण कायदा काय म्हणतो ते सांगायला कुणाची हरकत? त्या कारखान्याला पर्यावरण मंजुरी लागली असेल, तर ती मिळाल्याची जाहिरात दोन स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. अटींच्या पूर्ततेचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो, आणि तो लोकांना बघता येतो. मंजुरीची कागदपत्रं केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर मिळतात. हे सगळं गावकऱ्यांना तुझ्या फाईलशिवाय मिळू शकतं.

उरलेलं माहिती अधिकारातून. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, आणि अर्ज मंडळाच्या उप-प्रादेशिक कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द अशी मर्यादा आहे. 'सर्व माहिती द्यावी' असं लिहिलं की उत्तर येतं, 'मोघम असल्याने देता येत नाही.' म्हणून नेमकं मागायला सांग : चालू संमतीपत्राची प्रत, गेल्या दोन वर्षांतले नमुन्यांचे अहवाल, दिलेल्या नोटिसा आणि त्यांवरची उत्तरं. माहिती ३० दिवसांत द्यायची असते. न्यायाधिकरणाकडे जायची कलम १४ ची सहा महिन्यांची मुदतही त्यांना समजावून सांग. गावात बैठका घेण्यातच ती निघून जाते आणि मग वकिलाला उशिराचं कारण शोधत बसावं लागतं.

अर्ज गावातल्या माणसाने स्वतः लिहावा, सहीही त्याचीच हवी. तुझं अक्षर त्या कागदावर दिसता कामा नये. जो कारकून आज तुला फायली काढून देतो, तोच तो अर्ज आवक रजिस्टरला घेणार आहे.